लेकरू, सीट आणि भाड्याची गाडी : विमानापासून घरापर्यंतचा हिशेब

गेल्या दिवाळीत भाची अमेरिकेहून आली, चौदा महिन्यांच्या लेकाला घेऊन. त्यांना आणायला मी आणि ताई अमळनेरहून भाड्याची अर्टिगा करून मुंबईला गेलो. विमानतळाबाहेर आल्यावर भाचीने ट्रॉलीवरून बॅगांच्या आधी लेकराची कार सीट, म्हणजे गाडीत लेकराला बांधून बसवायची वेगळी खुर्ची, उतरवली, गाडीत मागे ठेवली आणि पट्ट्याचं बक्कल शोधू लागली. बक्कल सापडेना. मागच्या सीटवर पांढरं, घट्ट बसणारं कव्हर शिवलेलं. पट्टा वरून लोंबत होता, पण तो ज्यात अडकवायचा ते बक्कल कव्हरखाली गाडलं गेलं होतं. मागून हॉर्न वाजत होते, पोलीस गाडी पुढे घ्या म्हणत होता. शेवटी ड्रायव्हरभाऊंनी ब्लेड काढलं आणि मालकाला न विचारता कव्हरला दोन चिरा दिल्या.

हे सगळं होईपर्यंत ताई नातवाला कडेवर घेऊन उभी होती. ती लेकीला म्हणाली, "मनी मांडीवर शे ना तो, कसाले घाबरस?" म्हणजे, माझ्या मांडीवर आहे ना तो, कशाला घाबरतेस?

दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत खान्देशातल्या कितीतरी घरांत हा प्रसंग येतो. पुण्या-बंगळुरूची, दुबईची, अमेरिकेची लेकरं आजोळी येतात, आजी-आजोबा तिकडे जातात. प्रत्येक वेळी ती सीट विमानात न्यायची का, सामानात टाकायची का, तिकडे भाड्याने घ्यायची का, आणि मुळात कशाला हवी, हे प्रश्न ऐनवेळी दारात उभे राहतात. ते आधीच सुटावेत म्हणून हा लेख.

मांडी का पुरत नाही

एसटीने करकचून ब्रेक मारला की उभी माणसं पुढे ढकलली जातात. गाडी थांबते, माणसं थांबत नाहीत. ताशी 50 किलोमीटरने चाललेली गाडी कशावर आदळली, तर आतलं सुटं लेकरू त्याच वेगाने पुढे जातं. हा वेग किती, तर 10 मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडल्यावर जमिनीला टेकताना असतो तितका. ताशी 80 ला तीच उंची 25 मीटर होते. धुळ्याच्या पुढे महामार्गावर 80 ला आपण हळू म्हणतो.

आता मांडीचा हिशेब. लेकरू 10 किलोचं. 50 च्या वेगातली गाडी पुढून चेपत चेपत अर्ध्या मीटरमध्ये थांबली असं धरू. त्या क्षणी लेकराला धरून ठेवायला त्याच्या वजनाच्या वीसपट जोर लागतो. म्हणजे 200 किलो, दोन क्विंटल. आपल्याकडे कापूस मोजणाऱ्याला दोन क्विंटल म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. शिवाय हा जोर पापणी लवायच्या आत लावायचा असतो. जगातल्या कुठल्याही आईच्या हातात तो नाही. यात प्रेमाचा, काळजीचा काही संबंध नाही, हात सुटणारच.

आईने स्वतः पट्टा लावला नसेल तर ती लेकरावर जाऊन आदळते. एकच पट्टा दोघांभोवती गुंडाळला तर आईचं सगळं वजन पट्ट्याच्या आणि तिच्या मधल्या त्या जिवावर येतं. हा प्रकार मी लग्नाच्या गाड्यांत नेहमी पाहतो. तो तर अजिबात करू नये.

सीट नेमकं काय करते

रावेर-सावद्याकडे केळीचा ट्रक भरताना पाहिला असेल. खाली आणि बाजूंना पाला अंथरतात आणि घडाला घड घट्ट लावतात. मोकळी जागा ठेवत नाहीत, कारण घड हलला की काळा पडला. ट्रक थांबेल तसा मालही ट्रकबरोबर थांबला पाहिजे. कार सीटचं कामही हेच आहे. लेकरू गाडीबरोबर थांबावं, गाडीनंतर नाही.

त्यासाठी दोन जोड घट्ट लागतात. पहिला जोड लेकरू आणि सीट यांचा. हे काम हार्नेस करतो, म्हणजे सीटचेच पाच टोकांचे पट्टे: दोन खांद्यांवर, दोन कमरेशी, एक पायांच्या मधून. खांद्याच्या हाडापाशी पट्ट्याची चिमटी घेऊन पाहा. चिमटीत पट्टा आला तर तो ढिला आहे. दुसरा जोड सीट आणि गाडी यांचा. तो गाडीच्या नेहमीच्या पट्ट्याने होतो, नाहीतर आयसोफिक्सने. आयसोफिक्स म्हणजे मागच्या सीटच्या फटीत गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेल्या दोन कड्या, त्यांत कार सीटचे हात खटकन बसतात. बऱ्याच सीटांना वरून आणखी एक पट्टा असतो, त्याला टेथर म्हणतात, तो सीट पुढे झुकू देत नाही. बसवून झाल्यावर जिथून पट्टा जातो तिथे धरून सीट हलवा. इंचापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा बसवा.

लहान बाळाचं तोंड मागे का करायचं, हा प्रश्न आमच्याही गाडीत निघाला. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या चौथ्या भागाइतकं असतं. मोठ्यांचं सातव्या-आठव्या भागाइतकं. त्यात मानेची हाडं अजून पुरती भरलेली नसतात. तोंड पुढे असेल तर धडक बसल्यावर धड पट्ट्यांनी थांबतं आणि ते जड डोकं एकटं पुढे फेकलं जातं, सगळा ताण मानेवर. तोंड मागे असेल तर पाठ, मान आणि डोकं तिन्ही एकदम सीटच्या पाठीत दाबले जातात, आपण बाळाला तळहातावर झेलावं तसे. युरोपातल्या नव्या नियमांत किमान 15 महिन्यांपर्यंत तोंड मागेच ठेवणं बंधनकारक आहे. त्यानंतरही सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसतंय तोवर तसंच ठेवावं. आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर अशी सीट कधीच ठेवायची नाही. एअरबॅग सीटच्या पाठीवर, म्हणजे थेट बाळाच्या डोक्यामागे फुटते.

विमानात सीट चालते का

चालते, पण लेकराचं स्वतःचं तिकीट हवं. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर नेता येतं, मात्र मग त्याला जागा मिळत नाही, आणि जागाच नाही तर सीट ठेवणार कुठे?

मांडीवरच्या बाळासाठी आपल्याकडे हवाईसुंदरी एक छोटा पट्टा आणून देते, तो आईच्या पट्ट्यात ओवायचा असतो. युरोपातही तो देतात. अमेरिकेत मात्र उड्डाण आणि उतरताना त्याला मनाई आहे, कारण जोराच्या धक्क्यात आईचं शरीर कमरेत मोडून बाळावरच पडतं. एकच पट्टा इकडे हातात देतात आणि तिकडे त्याला बंदी. त्यावरूनच कळतं की मांडीवरच्या बाळासाठी कुणाकडेच पुरतं उत्तर नाही.

यामागे एक जुनी घटना आहे. 19 जुलै 1989 ला अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सू सिटीला एक डीसी-10 विमान कोसळत उतरलं. मागचं इंजिन फुटून विमानाचे सुकाणू निकामी झाले होते. आत चार बाळं तिकिटाशिवाय मांडीवर होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मुख्य हवाईसुंदरी जॅन ब्राऊन यांनी त्यांच्या आईवडिलांना सांगितलं की बाळांना पायाशी जमिनीवर ठेवा आणि धरून राहा. त्यांतला एक 22 महिन्यांचा मुलगा दगावला. जॅन ब्राऊन वाचल्या आणि पुढे कित्येक वर्षं एकाच मागणीसाठी झगडल्या: प्रत्येक बाळाला स्वतःची सीट सक्तीची करा.

ती सक्ती आजही झालेली नाही. 2005 मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने ती नाकारताना कारण दिलं की जादा तिकीट परवडणार नाही अशी काही कुटुंबं विमान सोडून गाडीने जातील, आणि रस्त्यावर विमानापेक्षा कितीतरी जास्त माणसं मरतात. म्हणजे नियमाने लेकरं वाचण्याऐवजी जास्त जातील. हे वाचताना जीव कळवळतो, पण हिशेब खोटा नाही. आपल्यासाठी त्यातून निघतं ते असं: तिकिटाचे पैसे असतील तर बाळाला विमानात स्वतःची जागा घ्या, तीच जागा सगळ्यात चांगली. पैसे नसतील तर विमानाचं एक वेळ सोडा, पण खाली उतरल्यावरच्या रस्त्याचं सोडू नका. मुंबईहून अमळनेरचे साडेतीनशेहून जास्त किलोमीटर, कसारा घाट आणि रात्रीचे ट्रक, खरा धोका तिथे आहे.

विमानात नेणार असाल तर सीटवरचं लेबल आधी वाचा. अमेरिकन सीटवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की ही मोटारीत आणि विमानात दोन्हीकडे वापरायला प्रमाणित आहे. ती ओळ नसेल तर विमानाच्या दारातच अडवू शकतात. बूस्टर, म्हणजे मोठ्या मुलांना उंच करणारी बैठक, विमानात उड्डाणाला आणि उतरताना चालत नाही. गाडीचा खांद्यावरचा पट्टा नीट बसावा म्हणून बूस्टर असतो आणि विमानात पट्टा फक्त कमरेचा. सीटची रुंदी 16 इंचांच्या आत असली तर बहुतेक विमानांत मावते. जागा खिडकीची घ्या, म्हणजे बाकीच्यांची वाट अडत नाही. संकटकाळी बाहेर पडायच्या दाराच्या रांगेत ती ठेवू देत नाहीत. तोंड मागे करून बसवली तर पुढच्या प्रवाशाला पाठ टेकवता येत नाही, ते त्याला आधीच गोडीत सांगावं. जळगावला येणाऱ्या छोट्या एटीआर विमानांत वरचे कप्पे लहान आणि जागा अरुंद, तेव्हा तिकीट काढतानाच कंपनीला मेल करून लेखी उत्तर घ्या आणि ते मोबाइलमध्ये ठेवा. फोनवर कुणीतरी "चालेल" म्हणालं, त्याला काउंटरवर किंमत नसते.

लेकरू 10 ते 20 किलोचं आणि उंचीने साधारण मीटरभराच्या आत असेल तर केअर्स नावाचा एक पट्ट्यांचा हार्नेस मिळतो. विमानाच्या सीटच्या पाठीला तो गुंडाळायचा, की कमरेच्या पट्ट्याला खांद्याच्या पट्ट्यांची जोड मिळते. पिशवीत मावतो. पण तो फक्त विमानापुरता, गाडीत तो वापरायचा नाही.

मग सामानात टाकली तर

बऱ्याच मोठ्या कंपन्या बाळाची सीट वजनात न धरता फुकट नेतात, पण आपल्या तिकिटात काय आहे ते पाहून घ्यावं. अडचण फुकट-पैशांची नाही, आपटण्याची आहे. सीटच्या आत धक्का शोषणारा फोम असतो. तो आतून तडकला तर वरच्या कापडावर काही दिसत नाही. म्हणून देणारच असाल तर विमानाच्या दारापर्यंत स्वतः न्या आणि तिथे द्या, तेवढी हाताळणी कमी. काउंटरवर सामानाच्या पट्ट्यावर टाकायचीच वेळ आली तर मूळ खोक्यात, भोवती कपडे खुपसून टाका. मिळाल्यावर तिथेच कापड वर करून प्लास्टिक आणि फोम पाहा, पट्टे ओढून पाहा. तडा दिसला तर घरी जाऊन तक्रार करू म्हणू नका, विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर लेखी द्या.

परदेशात गाडी भाड्याने घेताना

अमेरिकेत गाडीबरोबर सीटही भाड्याने मिळते, रोजचे दहा-पंधरा डॉलर. पंधरा दिवसांच्या मुक्कामात तेवढ्यात नवी साधी सीट येते. शिवाय बुकिंगमध्ये "सीट" एवढंच लिहिलेलं असतं. तिथे गेल्यावर पाच वर्षांच्या मुलाची सीट हातात देतात आणि आपल्या कडेवर दहा महिन्यांचं बाळ असतं. बसवून द्यायलाही कर्मचारी बहुधा नकार देतात, जबाबदारी नको म्हणून. ती सीट आधी कुठल्या अपघातातून गेली आहे का, हे कुणी सांगू शकत नाही. घ्यायचीच असेल तर खालच्या प्लास्टिकवरची तारीख पाहा. सीटचंही आयुष्य असतं, साधारण सहा ते दहा वर्षं, त्यानंतर प्लास्टिकचा भरवसा नाही.

खरी गोंधळाची गोष्ट वेगळी आहे. एका देशाची सीट दुसऱ्या देशात कायदेशीर असेलच असं नाही. आपल्याकडे विकत मिळणाऱ्या बऱ्याच सीटांवर युरोपच्या नियमांचा शिक्का असतो, अमेरिकेत मात्र तिथल्याच मानकाची सीट लागते. अमेरिकेची सीट ब्रिटनमध्ये चालत नाही. कॅनडाला स्वतःचा शिक्का हवा, ऑस्ट्रेलिया तर बाहेरची सीट मानतच नाही. सुरक्षिततेत फार फरक असतो असं नाही, पण विमा आणि दंडाच्या वेळी कागदच बोलतो. म्हणून इथून तिकडे जाणाऱ्यांनी इथली सीट वाहून नेण्यापेक्षा तिथल्या नातलगांना आधीच एक आणून बसवून ठेवायला सांगावं.

वयाचे नियमही निरनिराळे आहेत. ब्रिटनमध्ये 12 वर्षं किंवा 135 सेंटिमीटर उंची, यांतलं जे आधी होईल तोवर सीट लागते. दुबईला चार वर्षांपर्यंतच्या मुलाला सीट नसेल तर 400 दिरहॅम दंड आहे. कॅलिफोर्नियात आठ वर्षांखालच्या मुलाला मागेच आणि सीटमध्ये किंवा बूस्टरवर बसवावं लागतं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडेही कायदा आहे, फक्त तो ठाऊक नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 194-ब आलं. 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा बाळाच्या सीटने बांधलेलं नसेल तर 1000 रुपये दंड. भाड्याची गाडी आहे म्हणून या कलमात सूट नाही.

आपली भाड्याची गाडी

चिरा देऊन बक्कल वर आलं, भाचीने पट्टा घालून ओढला, तरी सीट डुगडुगत होती. गाडीत काही बिघाड नव्हता. अमेरिकेतल्या गाड्यांचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून सोडला की तो टकटक करत मागे जातो आणि आहे तिथे घट्ट अडकतो, पुन्हा ढिला होत नाही. तिकडची सीट त्या सोयीवर विसंबून असते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा पट्टा फक्त जोराचा हिसका बसला की अडकतो, एरवी हळू ओढला की येतच राहतो. मोठ्या माणसाला ते सोयीचं आहे. कार सीट मात्र प्रत्येक वळणावर थोडी थोडी ढिली होते.

यावर उपाय म्हणजे लॉकिंग क्लिप, इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचा बोटभर लांबीचा लोखंडी तुकडा. बक्कलपासून इंचभर अंतरावर कमरेचा आणि खांद्याचा असे दोन्ही पट्टे त्यात ओवले की ते एकमेकांवरून सरकत नाहीत. भाचीने तो सोबत आणला होता. तिने गुडघा सीटमध्ये रोवला, सगळं वजन टाकून पट्टा आवळला, क्लिप चढवली आणि सीट हलवून पाहिली. हलली नाही. बाहेरून सीट घेऊन येणाऱ्या प्रत्येकाने हा तुकडा बॅगेत टाकावा. काही नव्या सीटांत हीच पकड आतच दिलेली असते, ती आहे का ते पुस्तिकेत पाहा.

अर्टिगा, इनोव्हासारख्या नव्या गाड्यांत आयसोफिक्सच्या कड्या असतात. पण टुरिस्ट गाडीचं कव्हर त्याही झाकून टाकतं. मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा असेल तर बूस्टर तिथे ठेवू नका, कडेला ठेवा.

"मागे बसलं की काही होत नाही"

4 सप्टेंबर 2022 ला उद्योगपती सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात महामार्गावर अपघातात गेले. गाडी महागडी होती. मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे गंभीर जखमी होऊन वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. सुटं सामानही हेच करतं. मागे रचलेला तेलाचा डबा, वेफर्सचे खोके, गव्हाची गोणी धडकेत पुढे येते. जड ते खाली आणि सीटच्या पाठीला टेकवून ठेवा.

"बांधलं की रडतं"

रडतं, खोटं कशाला सांगू. आमचा नातू घोटीपर्यंत रडला, मग झोपला, आणि मालेगावला उठून पुन्हा रडला. आम्ही दर दीड-दोन तासांनी थांबलो, धाब्यावर त्याला खाटेवर मोकळं सोडलं, दूध-पाणी दिलं, पुन्हा बांधलं. वेळ जास्त लागला. रडणाऱ्याला चालत्या गाडीत सोडवून घ्यायचं नाही, हा एक नियम घरातल्या सगळ्यांनी निघण्याआधी मान्य करावा. गाडीत तोच सगळ्यात अवघड असतो. एकीकडे आई आणि दुसरीकडे आजी असते, आणि दोघींचं काळीज पिळवटतं. ताईने धुळ्यापर्यंत एका हाताने त्याचा पाय धरून ठेवला होता, तेवढ्यावर तो शांत राहिला.

मे महिन्यात येणाऱ्यांना आणखी एक सांगतो. भुसावळ-जळगावला पारा 45 च्या घरात जातो. उन्हात उभ्या गाडीत बक्कलचा धातू चटका बसेल इतका तापतो. उतरताना सीटवर जुना पांढरा पंचा टाकून ठेवा आणि बसवताना बक्कल आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहा.

तीन आठवड्यांनी भाची परत जाणार होती, तेव्हा मी त्याच गाडीमालकाला आदल्या दिवशी फोन केला. मागच्या सीटचे पट्टे तिन्ही बाहेर आहेत का, बक्कल कव्हरच्या वर आहे का, वरचा टेथर अडकवायची जागा कुठे आहे, एवढंच विचारलं आणि कव्हर फाडल्याचे पैसे देतो म्हणालो. त्यांनी पैसे नको म्हटलं. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला. चिरांच्या कडा शिंप्याकडून काजासारख्या शिवून घेतल्या होत्या आणि तिन्ही बक्कलं वर होती.